तबकडीचा नंबर वाचायचा कसा: मिसिसिपीच्या ब्लूजपासून बेळगावच्या तबकड्यांपर्यंत

जुन्या ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांचं, एखादं नीट केलेलं संकलन उघडून बघा. गाण्याच्या नावापुढे गायकाचं नाव असतं, मग गाव, तारीख आणि शेवटी दोन-तीन आकडे. बहुतेक जण ते आकडे सोडून थेट गाणं लावतात. पण त्या आकड्यांवरच सगळं संकलन उभं असतं. तेवढे पुसून टाकले तर उरतो तो नुसता गाण्यांचा ढीग, ज्यातलं काहीच कुणाला पडताळून बघता येत नाही.

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात अजून घराघरांत लाखेच्या तबकड्या निघतात. त्यांत नाट्यपदं, भावगीतं, ख्याल, भजनं, कानडी पदं असं सगळं असतं. त्यातल्या बऱ्याच इंटरनेटवर चढल्याही आहेत. पण वर लिहिलेलं असतं ‘दुर्मीळ नाट्यगीत, जुनी रेकॉर्ड’. कंपनी कुठली, नंबर काय, बाजू कुठली, यातलं काहीच नसतं. तेच पद तीन गायकांनी गायलेलं असतं, एकाच गायकानं ते दोनदा मुद्रित केलेलं असतं, आणि ऐकणाऱ्याला आपण नक्की काय ऐकतोय ते कळायला मार्ग नसतो. सीमाभागातल्या ध्वनिमुद्रणांचं एक प्रादेशिक संकलन व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. ते करायचं तर सुरुवात नंबरांपासून करावी लागेल. म्हणून आज फक्त नंबरांबद्दल, आणि त्या अनुषंगानं तबकडी वाजवण्याबद्दल.

एका गाण्याला निरनिराळ्या पातळीवर निरनिराळे नंबर मिळतात, आणि सगळा घोळ ते एकमेकांत मिसळल्यानं होतो. पहिला मॅट्रिक्स नंबर. मेणाच्या मूळ तबकडीवर मुद्रण झालं त्या घडीला तो दिला जातो आणि नंतर कधीही बदलत नाही. त्याला जोडून टेकचा आकडा येतो, म्हणजे तेच गाणं कितव्यांदा गायलं ते. दुसरा कॅटलॉग नंबर, लेबलवर ठळक छापलेला, दुकानात मागायचा. तो मालाचा नंबर. तीच मुद्रणं दुसऱ्या लेबलवर निघाली की हा बदलतो. तिसरा एलपीचा (नंतरच्या, जास्त वेळ चालणाऱ्या तबकडीचा) किंवा सीडीचा नंबर, म्हणजे संकलनाचा. चौथा हल्लीचा डिजिटल ओळख-क्रमांक, आयएसआरसी. गाण्याची खरी ओळख पहिल्यात असते. दुसरा आणि तिसरा ते गाणं कुठल्या कपड्यात बाहेर पडलं एवढंच सांगतात.

ब्लूजवाल्यांनी हे फार लवकर ओळखलं. मिसिसिपीचा ब्लूज गायक चार्ली पॅटन याचं उदाहरण घ्या. १४ जून १९२९ ला इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी, जेनेट कंपनीच्या स्टुडिओत, त्यानं पॅरामाउंट कंपनीसाठी एका दिवसात १४ बाजू मुद्रित केल्या. त्यातली ‘पोनी ब्लूज’ पॅरामाउंट १२७९२ म्हणून निघाली, त्याच्याच नावानं. पॅरामाउंट १२८०५ च्या लेबलवर मात्र गायकाचं नाव ‘द मास्क्ड मार्व्हल’, कारण हा कोण ते ओळखा अशी ती जाहिरातीची शक्कल होती. आणि धार्मिक गाण्यांची १२७९९ ‘एल्डर जे. जे. हॅडली’ या तिसऱ्याच नावानं. लेबलांवर विसंबलात तर हे तीन वेगळे गायक होतात. मॅट्रिक्स नंबर बघितले तर ते ओळीनं एकाच मालिकेत बसतात. माणूस तोच, खोली तीच, दिवसही तोच.

आपल्याकडे हाच प्रकार आहे. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावानं आहेत. सुळेभावीच्या शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली या मुलाच्या लहानपणच्या तबकड्यांवर ‘कुमार गंधर्व’ ही पदवीच नाव म्हणून आहे. कुंदगोळचे रामभाऊ सगळीकडे ‘सवाई गंधर्व’. उलट बाजूनं एकाच नावाची दोन माणसंही आहेत: कलकत्त्याची गौहर जान वेगळी आणि विजापूरकडची गोहरबाई कर्नाटकी वेगळी, पण इंटरनेटवर दोघींची गाणी सर्रास एकीच्या नावावर खपवली जातात. आवाज ओळखून वाद घालत बसण्यापेक्षा मॅट्रिक्स बघणं सोपं आणि पक्कं.

टेकचं महत्त्व कळायला दुसरा ब्लूज गायक, रॉबर्ट जॉन्सन. नोव्हेंबर १९३६ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत आणि जून १९३७ मध्ये डॅलसमध्ये त्यानं मिळून २९ गाणी मुद्रित केली. सॅन अँटोनियोच्या मॅट्रिक्सला ‘एसए’ आणि डॅलसच्याला ‘डीएएल’ ही आद्याक्षरं आहेत, म्हणजे नंबर बघताच गाव कळतं. ‘क्रॉस रोड ब्लूज’चे दोन टेक आहेत, एसए-२६२९-१ आणि एसए-२६२९-२. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकडीवर, व्होकॅलियन ०३५१९ वर, पहिला टेक आला. १९६१ साली कोलंबियानं सीएल १६५४ या नंबरची एलपी काढली तिच्यावर दुसरा आला. गाण्याचं नाव तेच, गायक तोच, तरी ही दोन वेगळी गायनं आहेत. शेवटचा एक आकडा गाळला की दोन्ही एकच समजली जातात. ख्याल-ठुमरीत तर दोन टेकमध्ये ताना वेगळ्या, बोल-आलाप वेगळे, म्हणजे आपल्या संगीताला हा आकडा त्याहून जास्त लागू.

संकलनांच्या नंबरांतही खाचाखोचा आहेत. ‘ओरिजिन जॅझ लायब्ररी’ची ओजेएल-५ आणि ‘याझू’ची एल-१००१ या दोन्ही एलपींची नावं ‘मिसिसिपी ब्लूज’ या दोन शब्दांभोवतीच फिरतात, फरक काय तो वर्षांचा. नावानं मागवलीत तर नको ती येईल. त्यात एल-१००१ आधी ‘बेल्झोना’ या लेबलखाली निघाली आणि मग लेबलचं नाव याझू झालं, म्हणून नंबराबरोबर लेबलचं नावही लिहावं लागतं. पुढे ऑस्ट्रियाच्या जॉनी पार्थनं ‘डॉक्युमेंट’ लेबलवर डीओसीडी-५००० च्या पुढची मालिका काढली. एका गायकाची सगळी मुद्रणं, तारखेच्या क्रमानं, चांगलं-वाईट न निवडता. ऐकायला याझू बरी, कारण तिथं १४ गाणी कानानं निवडून मांडलेली असतात. शोधायला डॉक्युमेंट. आपल्या सीमाभागासाठी मी आधी डॉक्युमेंटची पद्धत निवडेन. निवड नंतर कोणीही करील, आधी सगळं जागेवर तर येऊ दे.

आता आपल्या तबकड्या.

ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात मुद्रण करायला उतरला. त्या काळचे साचे जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि तबकड्या तिकडून छापून येत. कलकत्त्यात सियालदहला कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला, पुढे तो दमदमला गेला. लेबलवर ‘हॅनोव्हर’ की ‘कलकत्ता’ हे बघून तबकडीच्या छपाईचा काळ ढोबळ ठरतो. मुद्रणाचा नव्हे, कारण जुने साचे नंतरही छापले गेले. त्या काळी गायक शेवटी स्वतःचं नाव पुकारत. दूरच्या कारखान्यात भाषा न कळणाऱ्या माणसाला साचा कुणाचा ते समजावं म्हणून ती सोय होती. तबकडीचं लेबल उडून गेलं असेल तर आधी शेवटची दहा सेकंद ऐका.

सुरुवातीच्या ग्रामोफोन तबकड्यांच्या कॅटलॉग नंबरात वर्गवारी दडलेली असते. पूर्वेकडच्या भाषांसाठी १२,००० च्या घरात पुरुषांचं गायन, १३,००० च्या घरात स्त्रियांचं, १४,००० च्या घरात एकत्र गायन. घर भरलं की पुढे ‘२-’, ‘३-’ असं वाढवत ‘८-’ पर्यंत आणि पुढेही गेले. म्हणून ‘८-१३’ नं सुरू होणारा नंबर दिसला की गायिका आहे हे लेबल न वाचताही कळतं. डॅशच्या आधीचा आकडा गाळून नुसता पुढचा लिहायची चूक बऱ्याच याद्यांत आहे. त्यानं दोन वेगळ्या तबकड्या एक होतात. मॅट्रिक्सच्या शेवटी येणारं लहान रोमन अक्षरही तसंच. त्या काळात ते मुद्रण कुणी केलं आणि तबकडी किती इंची आहे हे सांगत असे. मोठ्या लिपीत ‘सुधारून’ लिहू नका.

नंतरच्या काळात ग्रामोफोन कंपनीच्याच एचएमव्ही या लेबलची ‘पी’ मालिका, मग ‘एन’ मालिका, स्वस्त ‘ट्विन’ची ‘एफटी’, कोलंबियाची ‘जीई’ या आपल्या भागात जास्त सापडतात. त्यांच्या जोडीला ओडियन, यंग इंडिया, ब्रॉडकास्ट. ‘एन’ मालिकेत भाषेप्रमाणे नंबरांचे गठ्ठे राखून ठेवलेले होते, त्यामुळे एकाच वर्षातल्या मराठी आणि कानडी तबकड्यांचे नंबर एकमेकांपासून हजारांनी लांब असू शकतात. कॅटलॉग नंबरावरून वर्ष काढायला जाऊ नका. ते मॅट्रिक्सवरून काढायचं. एलपी-ईपीच्या काळात भारतातल्या एचएमव्हीच्या नंबरात ‘ईएएलपी’, ‘ईसीएलपी’ म्हणजे मोनो आणि ‘ईएएसडी’, ‘ईसीएसडी’ म्हणजे स्टिरिओ. ७८ वरचं जुनं गाणं जर ‘एसडी’ नंबरच्या एलपीवर दिसलं तर कान टवकारा: कृत्रिम स्टिरिओ तरी केलेला असतो, नाहीतर ते नंतरचं वेगळंच मुद्रण असतं.

लेबलवरची भाषाही शोधताना अडवते. कानडीला तिथं ‘कॅनरीज’ म्हटलेलं असतं. मराठी, हुबळी, बेळगाव, मिरज यांची रोमन स्पेलिंगं दर दशकाला बदलतात. नोंद करताना दोन रकाने ठेवा, एकात लेबलवर अक्षरशः जे छापलं आहे ते, दुसऱ्यात आजचं प्रमाण रूप. एकच रकाना ठेवला की लोक नकळत दुरुस्त करून लिहितात आणि मूळ पुरावा जातो.

मॅट्रिक्स असतो लेबल आणि चर यांच्या मधल्या मोकळ्या पट्टीत, कोरलेला किंवा उठवलेला. बऱ्याच तबकड्यांवर तो लेबलच्या कागदाखाली दबलेला असतो. वरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही. खोलीत अंधार करून टॉर्च तबकडीच्या अगदी पातळीत, बाजूनं धरा आणि तबकडी हळूहळू फिरवा. एका कोनात आकडे एकदम उठून येतात. तरी वाचता येईना तर पातळ पांढरा कागद वर ठेवून मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासा. खडू, पावडर, तेल चोळू नका. ते चरात जाऊन बसतं आणि निघत नाही.

नंबराच्या आसपासच्या खुणा वाजवतानाही कामाला येतात. एचएमव्हीच्या तबकडीवर मॅट्रिक्समागे छोटा त्रिकोण असेल तर वेस्टर्न इलेक्ट्रिक पद्धतीचं, म्हणजे मायक्रोफोननं केलेलं मुद्रण. १९२५ पासून १९३०-३१ पर्यंत ही खूण दिसते. कोलंबियावर त्याच अर्थी वर्तुळातलं ‘डब्ल्यू’. खूण नसेल आणि आवाज डब्यातून आल्यासारखा असेल तर कर्ण्यातून केलेलं यांत्रिक मुद्रण. टेकनंतर ‘टी’ आणि आकडा असेल तर तो साचा दुसऱ्या तबकडीवरून उतरवलेला आहे, मूळ मेणाचा नाही. त्याहून जुनी छपाई मिळत असेल तर ती घ्या. एचएमव्हीच्या पद्धतीत लेबलच्या डावीकडे मदरचा (मधल्या साच्याचा) आकडा आणि उजवीकडे स्टँपरची (मदरवरून काढलेल्या, तबकड्या छापायच्या साच्याची) अक्षरं असतात. ती अक्षरं ‘ग्रामोफोन लिमिटेड’च्या इंग्रजी लघुरूपातून घेतलेली, जी-आर-ए-एम-ओ-पी-एच-एल-टी-डी, म्हणजे अनुक्रमे १ ते ९ आणि ०. ‘एआर’ म्हणजे ३२ वा स्टँपर. एकाच तबकडीच्या दोन प्रती हाताशी आल्या तर लहान क्रमांकाच्या स्टँपरची आधी वाजवून बघा.

प्रदेश कुठवर धरायचा हा प्रश्न आपल्याकडे नाजूक असतो. मला त्याचं उत्तर तबकड्याच देतात असं वाटतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे मुंबई राज्यात होते, आणि ७८ च्या तबकड्यांचा बहराचा काळ त्याच्या आधीचाच. गवई-नाटकवाले मीटरगेजच्या गाडीनं मिरज, बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी असे फिरत. मिरजेचे अब्दुल करीम खाँ, तिथंच जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर, कुंदगोळचे सवाई गंधर्व, धारवाडजवळच्या मन्सूरचे मल्लिकार्जुन, हनगल-हुबळीच्या गंगूबाई, बिळगीच्या अमीरबाई कर्नाटकी, सुळेभावीचे कुमार गंधर्व हे सगळे त्याच रेल्वेच्या आसपासचे. किर्लोस्कर नाटक मंडळीचे अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. भाषेवरून संकलन कापलं तर एकाच गायकाची मराठी आणि कानडी मुद्रणं दोन ठिकाणी जातात, एकाच बैठकीचे ओळीतले मॅट्रिक्स तुटतात. ब्लूजमध्ये मेम्फिस, टेक्सास, मिसिसिपी अशी विभागणी गायकाच्या वावरावरून होते, मुद्रण कुठे झालं त्यावरून नाही. पॅटनचं मुद्रण इंडियानात झालं म्हणून त्याला कोणी इंडियानाचा म्हणत नाही. आपणही तेच करावं. मुद्रण मुंबईला झालं तरी गायक इथला, तर तबकडी इथली.

आता वाजवण्याकडे. नंबर बरोबर लिहूनही चुकीच्या वेगानं उतरवलेलं गाणं निम्मं खोटंच असतं.

धुण्यासाठी स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही वापरू नका. सुतार लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतात, तबकडीचंही तेच होतं: चर गुळगुळीत होऊन जातात. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे चार-पाच थेंब, मऊ ब्रश चराच्या दिशेनं, लेबल कोरडं, मग साध्या डिस्टिल्ड पाण्यानं एकदा आणि लगेच सुती कापडानं कोरडी. पाण्यात बुडवून ठेवू नका. कोलंबियाच्या तबकड्या थरांच्या असतात, भेगेतून पाणी आत गेलं की थर फुगतात. उन्हात वाळवली तर वाकते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दमट हवेत पाकिटाच्या कागदाला बुरशी येते आणि तिथून ती तबकडीवर चढते, म्हणून पावसाळ्याआधी जुनी पाकिटं बदलून बिनआम्लाच्या कागदाची घालावीत आणि तबकड्या उभ्या ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधल्या की ओल आतच कोंडते. जुन्या पाकिटावर दुकानाचा शिक्का असेल तर मात्र पाकीट वेगळं जपा. तबकडी कुठल्या गावात विकली गेली याचा तो एकमेव पुरावा असतो.

एलपीची सुई ७८ वर लावू नये. एलपीच्या सुईचं टोक साधारण ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ च्या चराला २.५ ते ३ मिल लागतं. लहान सुई चराच्या तळाशी घसरत जाते आणि नुसती खरखर देते. १९४० नंतरच्या तबकड्यांना २.३ ते २.५, तीसच्या दशकातल्यांना २.८ च्या आसपास, यांत्रिक काळातल्यांना ३ ते ३.५ असं सुरुवातीला धरा. पोलादी पिनेनं चराची भिंत एका उंचीवर झिजलेली असते. सुई थोडी मोठी किंवा लहान घेतली की ती न झिजलेल्या भागावर चालते आणि आवाज एकदम उजळतो. म्हणून एकच सुई घेऊन बसण्यात अर्थ नाही, निदान दोन हव्यात. वजन ३ ते ५ ग्रॅम.

स्टिरिओ कार्ट्रिजनं (सुई बसवायच्या डबीनं) दोन्ही चॅनल वेगवेगळे, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उतरवा. नंतर दोन्ही मिळवून मोनो केलं की उभ्या दिशेची बरीच खरखर आपोआप जाते. चराची एकच भिंत खराब असेल तर मिळवू नका, चांगल्या भिंतीचा एकच चॅनल घ्या. टर्नटेबलवर ७८ नसेल तर ४५ वर उतरवून संगणकात वेग १.७३३ पट करता येतो, पण त्यासाठी प्रीअॅम्पमध्ये आरआयएए, म्हणजे एलपीसाठी ठरलेली खालच्या-वरच्या सुरांची भरपाई, नको. आरआयएए १९५४ च्या सुमाराला एलपीसाठी आलं. त्यात १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल कापले जातात, म्हणून इतक्या तबकड्या इंटरनेटवर गोधडीखालून गाताहेत अशा ऐकू येतात. एचएमव्हीच्या विद्युत काळातल्या तबकड्यांना २५० हर्ट्झच्या खाली दर सप्तकाला ६ डेसिबल उचल द्यायची, वरच्या बाजूला कापायचं काही नाही. यांत्रिक काळातल्यांना काहीच द्यायचं नाही. टकटक काढायची ती ही उचल देण्याआधी, कारण नंतर प्रत्येक टक रुंद होऊन बसते. आणि न धुतलेला, म्हणजे जसा उतरला तसा मूळ ध्वनी वेगळा राखून ठेवा.

वेग हा सगळ्यात अवघड भाग. ‘७८’ हा आकडा नंतर स्थिरावला. यांत्रिक काळात ७० पासून ८० च्या वरपर्यंत काहीही असे. ७४ वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर लावली तर सूर जवळजवळ एक अर्धस्वर चढतो, काळी एकचा गवई पांढरी दोनजवळ जातो आणि ताना अमानवी चपळ वाटतात. इथे मॅट्रिक्स पुन्हा मदतीला येतो. एकाच दिवसाचे ओळीतले चार-पाच नंबर मिळवा. पेटी एकच असणार, गायक बहुधा एकाच पट्टीत गाणार. चौघांचा षड्ज जुळतो आणि एकाचा थोडा इकडे-तिकडे आहे, तर त्या एकाचा वेग दुरुस्त करायचा. फक्त ठुमरी किंवा भजन मध्यमाला षड्ज मानून गायलेलं नाही ना ते आधी ऐकून घ्या, नाहीतर बरोबर असलेली तबकडी बिघडवून बसाल. वापरलेला वेग नोंदीत लिहाच. उद्या कुणाला तुमचा अंदाज चुकीचा वाटला तर त्याला परत फिरता आलं पाहिजे.

आपलं संकलन बाहेर पडेल तेव्हा त्यालाही नंबर लागेल. साधा ठेवा: तीन-चार अक्षरं, मग तीन आकडे, मध्ये मोकळी जागा नको. एकदा दिलेला नंबर पुन्हा दुसऱ्याला नाही. दुरुस्त आवृत्ती काढलीत तर शेवटी अक्षर जोडा, जुना नंबर गुपचूप नव्या ध्वनीला देऊ नका. ७८ ची १० इंची बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची, त्यामुळे एलपीत १४ आणि सीडीत २२ ते २४ बाजू बसतात. आयएसआरसी १२ अक्षर-आकड्यांचा असतो: देशाची दोन अक्षरं, नोंदणीदाराची तीन, वर्षाचे दोन आकडे, मग पाच आकडे. भारतात तो इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संस्थेकडून घेतात. त्यातले वर्षाचे दोन आकडे कोड दिला त्या वर्षाचे, मुद्रणाचे नव्हेत. १९३४ च्या गाण्याला ‘३४’ लिहिलेले कोड चुकीचे. बारकोड हवा असेल तर भारतातला ८९० नं सुरू होतो. तो वस्तूला असतो, गाण्याला नाही.

हक्कांचं थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९५५ मध्ये निघालेली तबकडी २०१५ च्या अखेरीला मोकळी झाली. पण शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा: कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. भावगीतांत इथंच अडकायला होतं, तबकडी मोकळी आणि कवी अजून हक्कात. अमेरिकेतल्या सर्व्हरवर चढवणार असाल तर तिथला नियम आणखी वेगळा: १९२३ ते १९४६ मधल्या ध्वनिमुद्रणांना १०० वर्षं, म्हणजे पॅटनची १९२९ ची तबकडी तिथं १ जानेवारी २०३० ला मोकळी होईल. नोंदीत प्रत्येक बाजूपुढे ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि शब्द-चालीचा हक्क असे दोन्ही रकाने हवेत.

यादी करताना न सापडलेल्या नंबरांच्या ओळी रिकाम्या ठेवा, गाळू नका. सन हाउसची पॅरामाउंट १३०९६ कित्येक वर्षं ब्लूजच्या यादीत नुसती नंबर आणि नावापुरती होती, प्रत कुणाकडेच नव्हती. ती सापडली आणि २००६ मध्ये याझूनं ती बाहेर काढली. विली ब्राउनची १३०९९ अजून सापडलेली नाही, तरी तिची ओळ कोणी खोडलेली नाही. आपल्याकडे संशोधक मायकेल किनिअरनं ग्रामोफोन कंपनीच्या भारतातल्या सुरुवातीच्या मुद्रणांच्या याद्या छापल्या, मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे. त्यांच्या कामाशी आपली यादी जुळवून घेता येते, पण इथल्या घरांत काय आहे ते इथल्यांनीच लिहायला हवं.

घरात तबकड्या असतील तर प्रत्येकीचे चार फोटो काढा: दोन्ही लेबलं सरळ वरून, आणि दोन्ही बाजूंची लेबलभोवतीची पट्टी बाजूच्या उजेडात. फोटोच्या नावात लेबल आणि कॅटलॉग नंबर लेबलवर आहे तसाच, रोमनमध्ये. फुटलेली असली तरी फोटो हवा, कारण तुकड्यावरचा मॅट्रिक्सही यादीतली एक ओळ भरतो. फोटो होईपर्यंत धुऊ नका, ओलसर फडक्यानं लेबलवरची फिकट शाई पहिल्याच पुसण्यात निघून येते.